मानसशास्त्राची पदवी: कम्युनिटी कॉलेजमधून विद्यापीठाकडे

प्रश्न: कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचे महाविद्यालय) माझे पहिलेच सत्र सुरू असून पुढे विद्यापीठात मानसशास्त्राची पदवी पूर्ण करायची आहे, तर येथे कोणते विषय आधी घ्यावेत?

उत्तर १: संख्याशास्त्र टाळू नका, कारण संशोधन पद्धतीचा विषय सहसा त्यानंतरच घेता येतो. ६० युनिट्सची (श्रेयांकांची) ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर’, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची कम्युनिटी कॉलेजची पदवी, मिळवल्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी मिळते. मात्र तिच्या अनेक आवारांपैकी (कॅम्पस) मनासारखेच मिळेल, असे नाही.

उत्तर २: विषय निवडण्यापूर्वी ‘असिस्ट’ संकेतस्थळावर तो अपेक्षित विद्यापीठात कशासाठी ग्राह्य धरला जातो, हे तपासावे.

उत्तर ३: समुपदेशकांना आताच भेटा, शेवटच्या सत्रात फार उशीर होतो.