मदत हवी आहे: गुडघेदुखी आणि मुतखडा, दोन्ही असताना आईला रोझहिपचा चहा द्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरजवळच्या एका खेड्यात राहतो. इथे वाचतो रोज, धागा मात्र पहिल्यांदाच काढतोय.

माझी भाची जर्मनीत शिकते. दिवाळीला आली तेव्हा आजीच्या गुडघ्यांसाठी म्हणून अर्धा किलो वाळलेली रोझहिप घेऊन आली. रोझहिप म्हणजे जंगली गुलाबाचं फळ. पाकळ्या गळून गेल्या की देठाशी जे बोंड उरतं ते पिकून लाल होतं, तेच. आईने डबा उघडला आणि म्हणाली, "ह्या ते वायेल बोरं शेतस." मेहरूणची बोरं सुरकुतली की दिसतात अगदी तशीच आहेत, फक्त आकाराने लहान.

भाचीच्या घरमालकीणबाईंनी तिला सांगितलं की सर्दी-खोकला, संधिवात आणि लघवीच्या तक्रारींवर तिकडे जुन्या काळापासून हा चहा देतात, मुतखड्यावरसुद्धा. मुतखड्याचं नाव ऐकून आई हरखली. तिचं वय ६८. दोन वर्षांपूर्वी खडा काढावा लागला होता. आपल्याकडचा मे महिना, दिवसभर शेतात आणि पाणी प्यायची आठवण नाही, त्यातून झालं.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो. मी फळं खलबत्त्यात कुटली, नेहमीच्या चहासारखी खळखळ उकळली आणि चहाच्या गाळणीने गाळून आईला दिली. दोन घोटांतच तिच्या घशात टोचायला लागलं, रात्रभर खोकत होती. सकाळी एक फळ फोडून पाहिलं. आत टणक बिया आणि त्यांच्याभोवती बारीक पांढरट केस. ज्वारीच्या मळणीत कूस अंगाला लागते ना, तशीच खाज बोटांना सुटली. आधी फोडून बघायला हवं होतं. आईला त्रास झाला, याचं फार वाईट वाटतंय.

पण ती ऐकत नाही. "नातनी आनेल शे, फेकानं नही." म्हणून जाणकारांना विचारतो. मुतखडा होऊन गेलेल्या माणसाला हे चालतं का? गुडघ्यांना खरंच गुण येतो का? शिवाय भाचीने तिकडे पुडीचा चहा प्यायला होता, तो लालभडक होता म्हणे. आमचा पिवळट-तांबूस होतो. माल जुना तर नाही ना? आणि अंगणातल्या गावठी गुलाबाची फळं वापरता येतील का?

प्रतिसाद १

दादा, वाईट वाटून घेऊ नका, हे केस भल्याभल्यांना फसवतात. युरोपात पोरं एकमेकांच्या सदऱ्यात टाकायची खाजपावडर याच केसांची करतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये संत्री येईनाशी झाली, तेव्हा तिथल्या सरकारने कुंपणांवरची ही फळं लोकांकडून गोळा करवून मुलांसाठी सिरप करवलं. ते कापडातून गाळायचे, ते याच केसांसाठी. तुम्हीही फळ उभं चिरा, चमच्याने बिया आणि केस खरवडून काढा, टरफल धुऊन घ्या. एक चमचा टरफलावर कपभर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटांनी दुहेरी सुती कापडातून गाळा. भांडं स्टीलचं घ्या, तांब्या-पितळेचं नको.

लाल रंगाचं म्हणाल, तर तो रोझहिपचा नसतोच. पुडीत लाल अंबाडीची फुलं मिसळतात. आपल्या खान्देशात अंबाडीचं अप्रूप ते काय! तुमचा पिवळट-तांबूस रंगच खरा.

प्रतिसाद २

मी आहारतज्ज्ञ आहे, आईच्या डॉक्टरांच्या जागी मात्र नाही. ताज्या रोझहिपमध्ये १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी असतं. वाळवताना आणि उकळताना त्यातलं बरंच जातं, म्हणून चहात थोडंच उतरतं. ते कमी उतरतं हे तुमच्या आईच्या बाबतीत बरंच आहे. जादा व्हिटॅमिन सीचं शरीरात काही अंशी ऑक्झलेट होतं आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. त्यामुळे खडा होऊन गेलेल्यांनी व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या किंवा रोझहिपची पावडर मनाने सुरू करू नये. लघवीच्या तक्रारींवर हा चहा देण्याची चाल जर्मनीत जुनी आहे हे खरं, पण त्याने खडा विरघळतो याचा पुरावा नाही.

गुडघ्यांवर बऱ्यापैकी अभ्यास झालाय. तीन चाचण्यांतल्या एकूण २८७ रुग्णांचा २००८ मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा वेदना थोड्या कमी झालेल्या दिसल्या. पण ती बियांसकट केलेली पावडर होती, तीनेक महिने रोज घेतलेली. चहातून तेवढं मिळेल असं धरून चालू नका. गुडघ्याच्या गोळ्या परस्पर बंद करू नका, एवढं माझं हात जोडून सांगणं.

प्रतिसाद ३

अंगणातल्या गुलाबाला फळ धरेल याची खात्री नाही. भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबाला फळ क्वचितच धरतं, आणि आपण सुकलेली फुलं खुडतो तेव्हा उरलीसुरली शक्यताही जाते. नर्सरीतून आणलेल्या रोपावर मावा-तुडतुड्यांसाठी औषध मारलेलं असतं, त्याचं काही पोटात घालू नका. व्हिटॅमिन सीच हवं असेल तर आवळा आणि पेरू बाजारात आहेतच की.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आईला डॉक्टरांकडे नेऊन आणलं, रिपोर्टही दाखवले. त्यांनी पावडरला सरळ नाही म्हटलं. पातळ चहा एक कप, तोही एक दिवसाआड, एवढी परवानगी दिली. पण आधी दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. गुडघ्याच्या गोळ्या आहेत तशाच चालू. आईने अटी मान्य केल्या, आता पाण्याचा तांब्या शेतात सोबत नेते.

दुपारपासून ओट्यावर बसून एकेक फळ चिरून बिया काढतेय, नाका-तोंडाला पदर बांधून. गाळायला वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा धुऊन दोरीवर टाकलाय. एकच विचारायचं राहिलं: बिया काढलेली टरफलं पावसाळ्यात बुरशी न येता टिकवायची कशी? काचेच्या बरणीत ठेवावी की फ्रीजमध्ये?