स्क्रीन रेकॉर्डिंग असले म्हणजे टिपण नको, असे कसे म्हणता?

आवक-जावक :
काल आपल्या या चर्चागटावर एका सदस्याने लिहिले की, कार्यालयीन सहायकाने आपल्या टेबलाच्या कामाचे टिपण लिहीत बसू नये. स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून नेहमीप्रमाणे काम करावे आणि ती फाइल पुढच्या माणसाच्या हवाली करावी. टिपण लिहिणे हा जुन्या लोकांचा हट्ट आहे, हे त्यातले वाक्य मनाला लागले, म्हणून सविस्तर लिहितो.

मी महाविद्यालयाच्या कार्यालयात २२ वर्षे काढली आहेत. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे टेबल माझ्याकडे आले, तेव्हा आधीच्या सहायकांनी ४८ मिनिटांचे रेकॉर्डिंग ठेवले होते. त्यात एके ठिकाणी माउसचा बाण उत्पन्नाच्या दाखल्यावर जातो, क्षणभर थांबतो आणि अर्ज विद्यार्थ्याकडे परत जातो. तो का परत गेला, हे पाच-सहा वेळा पाहूनही मला कळले नाही. शेवटी फोन केला, तेव्हा समजले की दाखल्याची मुदत संपली होती. ती तारीख त्यांच्या नजरेने टिपली होती. बाण तिच्या जवळपासही गेला नव्हता.

महसूल कार्यालयांत टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावतात. त्या सहा गठ्ठा पद्धतीत स्थायी आदेशांची, म्हणजे कायम लागू असणाऱ्या आदेशांची, संचिका वेगळी ठेवतात, ती याचसाठी. नियम कोणता आणि तो कोणत्या पत्राने आला, हे नव्या माणसाला टेबलावर बसल्या बसल्या वाचता आले पाहिजे.

टेबल क्रमांक चार :
ते लेखन माझेच होते आणि मी त्यावर ठाम आहे. पहिल्या प्रसूती रजेवर जाताना मी नऊ पानांचे टिपण लिहून दिले होते. तरीही पगारपत्रकाच्या दिवशी, बाळ मांडीवर असताना, मला ११ फोन आले. टिपणात ‘बँकेची यादी अपलोड करावी’ एवढेच होते. त्याआधी एक्सेलमधला खाते क्रमांकाचा रकाना टेक्स्ट करून घ्यावा लागतो, नाहीतर क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात आणि क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठा असेल तर पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात, हे लिहायचे राहून गेले. हाताला इतके सवयीचे झाले होते की, ते सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही.

दुसऱ्या रजेच्या वेळी दोन-तीन मिनिटांची सात रेकॉर्डिंग करून ठेवली. फोन दोनच आले. माणूस जे लिहायला विसरतो, ते रेकॉर्डिंगमध्ये आपसूक येते. आपण दाखवलेले ४८ मिनिटांचे रेकॉर्डिंग वाईट होते. त्यावरून साधनालाच दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

कोरा कागद :
आपण दोघेही विद्यार्थ्याला विसरलात. आमच्या कार्यालयात नव्या सहायकाला शिकवण्यासाठी केलेले असेच एक रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपच्या गटावर गेले. त्यात एका मुलीचा जातीचा दाखला, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक स्वच्छ दिसत होता. तिचे वडील कार्यालयात आले आणि माझ्या टेबलासमोर काही न बोलता उभे राहिले. मला मान वर करता आली नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. पण कायदा नसता तरी ती चूक चूकच होती.

विंडोज ११ मधल्या स्निपिंग टूलने पडद्याचा हवा तेवढाच भाग निवडून रेकॉर्डिंग करता येते. मग पूर्ण पडदा कशाला घेता? बाजूला उघडी असलेली ई-मेल आणि कोपऱ्यात उगवणारे संदेशही त्यात येतात.

आवक-जावक :
अगदी खरे आहे. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये शब्द शोधता येत नाही. टिपणात ‘मुदत’ हा शब्द टाकला की हवी ती ओळ समोर येते.

लिपिक-टंकलेखक :
कोणत्या टिपणात शोधता, ते कृपया सांगावे. आमच्या कपाटातली पंधरा वर्षांची टिपणे जुन्या फाँटमध्ये आहेत, कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोड पद्धतीत नाहीत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. ‘मुदत’ तर सोडाच, ‘महाविद्यालय’सुद्धा सापडत नाही. लेखी टिपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी हे निस्तरावे.

आवक-जावक :
तो दोष टंकलेखकांचा आहे. युनिकोड येऊन किती वर्षे झाली! युनिकोडचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला महिनाभर पुरतो.

लिपिक-टंकलेखक :
हे वाक्य आपण मागे घ्यावे. मी मराठी ३० शब्द प्रतिमिनिटाची परीक्षा रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर उत्तीर्ण झालो आणि त्याच बळावर नोकरीला लागलो. बोटांना वळण तेच लागले आहे. पुढे कोणी प्रशिक्षण दिले नाही, संगणकावर फाँट कोणता असावा हेही आम्हाला विचारले नाही. आणि वीस वर्षांनी दोष मात्र टंकलेखकाचा?

टेबल क्रमांक चार :
त्यांचे बरोबर आहे. रेमिंग्टनच्या मांडणीतही युनिकोड टंकता येते, हे आमच्याकडे एका मुलाने मला रेकॉर्डिंग करूनच दाखवले. भाषा-पट्टी कोठून बदलायची आणि जोडाक्षर कोणत्या कळीने येते, हे चार मिनिटांत समजले. छापील तक्त्यावरून मला ते कधीच जमले नव्हते.

लिपिक-टंकलेखक :
तसे रेकॉर्डिंग असेल तर मला हवे आहे. पण जुन्या फायली युनिकोडमध्ये कोण करणार, हा प्रश्न राहतोच. फाँट बदलून देणारा परिवर्तक वापरला तरी रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात, आणि प्रत्येक पान पुन्हा वाचून काढावे लागते. मी रोज दोन पाने करतो.

नाशिककर :
मूळ विषयावर एक शंका आहे. आज शिकवण्यासाठी म्हणून केलेले रेकॉर्डिंग उद्या ‘या कामाला एवढा वेळ का लागला’ हे विचारण्यासाठी वापरले जाते. माझ्या आधीच्या नोकरीत नेमके तेच झाले. मध्येच पालक खिडकीशी आले म्हणून मी सात मिनिटे उठलो, तर पडदा स्थिर का, याचा खुलासा माझ्याकडे मागितला गेला. रेकॉर्डिंग कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे, हे काम करणाऱ्याच्याच हाती असले पाहिजे.

टेबल क्रमांक चार :
यावर माझ्याकडे उत्तर नाही. दिवसभराचे काम रेकॉर्ड करून ठेवावे, असे मी काल लिहिले होते. ते मागे घेते.

आवक-जावक :
टंकलेखकांविषयीचे वाक्य मीही मागे घेतो. खात्याच्या रकान्याची गोष्ट वाचून मी माझे टिपण काढून पाहिले. त्यात ती सूचना नाही, हे मान्य करणे मला जड जाते आहे. पुढच्या आठवड्यात बनावट विद्यार्थ्याच्या नावाने अर्ज भरून त्याच्या छाननीचे तीन मिनिटांचे रेकॉर्डिंग करीन आणि अर्ज का परत पाठवला, ते बोलून सांगेन. पण संचिकेत त्यासोबत एक पान राहील. त्यावर शासन निर्णयाचा क्रमांक, दाखल्याच्या मुदतीचा नियम आणि ते रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचे आहे, याची नोंद असेल. पोर्टलवरचे बटण जागचे हलले की रेकॉर्डिंग जुने होते. नियम त्याच पानावर राहतो.

टेबल क्रमांक चार :
ते पान युनिकोडमध्ये टंकावे, एवढीच विनंती.