मत्राच्या बाजारात दुकानदाराने कॉफी पुढे केली तर?

मिऱ्याबंदर: पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन चार दिवस मस्कतला जातोय. मत्रा सूकमध्ये दुकानदार ओळखदेख नसताना बसवून कॉफी-खजूर देतात म्हणे. घेतली की खरेदी करावीच लागते का? पैसे विचारायचे का? आणि रत्नागिरीहून त्यांना द्यायला काय न्यावं? आई कोकमाचं आगळ (रस) आणि सुकं खोबरं भरतेय.

डोलकाठी: खरेदीची सक्ती नाही, आणि पैसे तर अजिबात पुढे करू नका. तो अपमान होतो.

ही कॉफी म्हणजे कहवा. दूध-साखर नाही, वेलची घातलेली, चवीला कडू. म्हणून आधी खजूर तोंडात टाकायचा. कप म्हणजे फिंजान, बिनकानाचा, आपल्या तीर्थाच्या वाटीएवढा. तळाला थोडीशीच ओततात. बाबांना "एवढीशीच?" असं वाटेल, पण भरून देणं तिथे चांगलं मानत नाहीत. उजव्या हाताने घ्या. रिकामा कप नुसता परत दिलात तर पुन्हा भरून येतो, म्हणून पुरे झाल्यावर परत देताना मनगटातून दोन-तीनदा डावी-उजवीकडे हलवा. एक ते तीन कप रीतीला धरून. पहिलाच नाकारणं जरा तुटक दिसतं. नको असेल तर एक घोट घ्या आणि कप हलवा.

आणखी एक. दुकानातल्या एखाद्या वस्तूचं फार कौतुक करू नका, "घेऊन जा" म्हणत हातात ठेवतात. मग आपलीच पंचाईत.

वेंगुर्ल्याची_काकी: डोलकाठींचं बरोबर, पण मत्रात बरेच दुकानदार ओमानी नसतातच. गुजराती, मल्याळी, बांगलादेशी. ते करक चहा देतील, कडक, दुधाचा. तिथे कप हलवण्याची भानगड नाही, "बस, भाई" पुरतं. हिंदी सगळीकडे चालते. दुपारी बाजार बंद असतो, शुक्रवारी सकाळीही. संध्याकाळी जा, दुकानदाराला बोलायला सवड असते. रमजान असेल तर दिवसा चहा-कॉफी विसरा, आणि रस्त्यात पाण्याची बाटलीही तोंडाला लावू नका.

गोडाऊन_रत्नागिरी: आईंना आधी थांबवा. सुकं खोबरं चेक-इन सामानात चालत नाही, २०२२ पासून बंदीच्या यादीत आहे. तेलामुळे ते कोंडलेल्या जागी आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. ओला नारळ मस्कतला मिळतो, सलालाहला तर आपल्यासारख्या माडांच्या बागा आहेत. मसाल्यात खसखस असेल तर तोही घरीच ठेवा, आखातात त्यावरून माणसं अडकतात.

आगळ न्यायचंच तर चेक-इनमध्ये, काचेच्या नाही, प्लास्टिकच्या बाटलीत. पाऊण भरा, बाटली दाबून हवा काढा आणि मग झाकण लावा. वर दाब कमी झाला की आतली हवा फुगून झाकणातून रस ढकलते. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वर दोन पिशव्या. कोकमाचा डाग पांढऱ्या सदऱ्यावरून जाता जात नाही.

द्यायला सगळ्यात सोपं म्हणजे भाजलेले काजू. पाव-पाव किलोची कारखान्यातली सीलबंद पाकिटं, खुले नकोत. मालवणी खाजंही चांगलं, बेसन-गूळ-आलं, टिकतं. आंबापोळी चालेल, पण एकेक बटरपेपरात, नाहीतर उकाड्यात लगदा होतो.

मिऱ्याबंदर: आमसुलं दिली तर काय आहे ते कळेल का त्यांना?

डोलकाठी: "लुमीसारखं" म्हणा. लुमी म्हणजे त्यांचं वाळवलेलं काळं लिंबू, कालवणात आंबटपणासाठी टाकतात. पण ओलसर आमसुलं नको, मीठ सुटतं. कडकडीत वाळलेली, शंभर ग्रॅमची पुडी पुरे. कॉफी झाल्यावर, निघताना द्या. आधी दिलीत तर भाव करायला आलात असं वाटेल.