यंदाचा नाताळ घरातल्या घरात. पटतंय का?

वडगावशेरीकर
आमच्याकडे ठरलंय. पंचवीसला हॉल नाही, केटरर नाही, साठ माणसांची बिर्याणी नाही. सकाळची उपासना झाली की आई, आम्ही दोघं, मुलं आणि धाकट्या भावाचं बिऱ्हाड, एवढीच पंगत. घरचं मटण. फराळाला करंज्या, शंकरपाळे, चकल्या, बास. नवे कपडे फक्त पोरांना. चांदणी गेल्या वर्षीचीच, वायर बदलून. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चारही रविवार लक्ष्मी रोड नाहीतर कॅम्पात जातात आणि चोवीसच्या रात्री घरात सगळे एकमेकांवर खेकसत असतात. असिसीच्या संत फ्रान्सिसनं 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चोत गव्हाणी मांडली, तेव्हा गवत, बैल आणि गाढव एवढ्यावर भागलं होतं. आम्ही पुण्यात थर्माकोलचा बर्फ पसरतो! नसेल पटत तर तसं लिहा.

गुरुवारपेठी
नाही पटत. बर्फ काढा, हॉलही सोडा, खुशाल. पण ‘फक्त आपली माणसं’ हे नाताळात बसत नाही. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवावं लागलं, हीच तर त्या रात्रीची गोष्ट आहे. आणि आपण त्याच दिवशी दार लावून घ्यायचं? क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची जागासुद्धा पेशव्यांनी दिलेली, 1792 मधली, म्हणजे आपल्यालाही दुसऱ्यांनीच जागा दिली. दिवाळीत समोरच्या काकूंकडून क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट येतं. ते नाताळला भरून परत जायलाच हवं.

वडगावशेरीकर
ताटं जाणारच आहेत हो. बंद होतेय ती साठ माणसांची पंगत. त्यातले निम्मे मला वर्षभर फोनही करत नाहीत.

धाकटी_जाऊ
एक विचारू? केटरर काढलात, मग मटण कोण शिजवणार? हॉल होता तेव्हा मी साडी नेसून खुर्चीत बसत होते. आता ‘घरच्या घरी’. आणि ‘करंज्या, शंकरपाळे, चकल्या, बास’ हे लिहायला अर्धी ओळ लागली. खोबरं किसा, भाजा, सारण करा, साटा लावा, लाटा, भरा, कातण्यानं कापा, ओल्या फडक्याखाली झाका, मग तळण. मध्येच एखादी फुटली की सारण तेलात, तेल काळं, पुन्हा गाळा. दुपारी बसलेली बाई दिवेलागणीला उठते ती कंबर धरून. तुमचा खर्च कमी झाला, काम नाही झालं. ते फक्त माझ्याकडे आलं.

पंचहौदचा_चहा
ताई बरोबर बोलल्या. पण पाहुणचार म्हणजे पंगतच, हे कोणी ठरवलं? 1890 मध्ये पंचहौद मिशनात, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, हिंदू पुढाऱ्यांची नुसती चहा-बिस्किटं झाली, तर अख्खं पुणं हललं. रानडे आणि टिळकांवर प्रायश्चित्त घ्यायची वेळ आली. (लोकमान्य बरं का. आमचे रेव्हरंड, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, वेगळे; त्यांचा बाप्तिस्मा 1895चा.) एका कपात एवढी ताकद असेल तर चार ते सात दार उघडं ठेवा, चहा आणि केकचा तुकडा द्या. कोण येईल तो येईल.

पेटीवाला
माझं दुखणं वेगळंच आहे. आमची कॅरलची टोळी पेटी-ढोलकी घेऊन रात्री घरोघर फिरते, रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणते. हल्ली निरोप येतो, ‘यंदा साधंच करतोय, आमच्याकडे नका येऊ.’ अरे, गाण्याला कुठला खर्च आलाय? आतली म्हातारी शाल गुंडाळून जागी असते आणि मुलगा सोसायटीच्या गेटवरूनच आम्हाला वाटेला लावतो. साधेपणाच्या नावाखाली माणसंच टाळायची असतील तर तसं सरळ म्हणा.

धाकटी_जाऊ
या की. दहाच्या आत या, आणि वीस जणांचा चहा थर्मासमध्ये भरून आणा.

पेटीवाला
आणतो. पण साखर घातलेलाच असेल, आधीच सांगतो.

वडगावशेरीकर
बरं. मटण मी आणि भाऊ करतो, भांडीही आमच्याकडे. करंज्या या वर्षी विकतच्या.

गुरुवारपेठी
विकतच्या करंज्या काकूंच्या ताटात? त्यांनी अनारशाचं पीठ आठवडाभर आधी भिजवलेलं असतं. त्यापेक्षा चकल्याच द्या, पण हातच्या. सोऱ्या फिरवायला भावाला बसवा.