निवृत्तीनंतरची सकाळ: फुटाळा की अंबाझरी?

जूनमध्ये निवृत्त झालो. कोजागिरी झाली, हवेत गारवा आला, अन् मी घरात बायकोच्या पायात पायात येतो. सकाळी फिरायला नागपुरातला कोणता तलाव बरा?

फुटाळाकर: संध्याकाळी फुटाळ्यावर जत्रा असते, सकाळी ६ ला या. एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसतो. तो उडाला की मी उठतो. मग तर्री पोहे, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे. डॉक्टरांनी तर्री बंद केली आहे, वरच्या चण्यांबद्दल मात्र बोलले नाहीत!

बजाजनगरचे आजोबा: अंबाझरीलाच या जी. परतताना अंबिया बहाराची, म्हणजे या दिवसांत निघणारी संत्री घ्या. साल हिरवी दिसते, पण आतून आंबटगोड.

प्रश्नकर्ता: आज फुटाळ्यावर गेलो. पाणकावळा होता. बायकोही होती, म्हणून तर्री नाही.