मदत हवी आहे: इंजिनाचे पार्ट सोडून पुढे कुठे वळावं?

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्क शॉप आहे. चार सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या मिलिंगची सीएनसी मशीन), 19 माणसं. साधारण 70 टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचं, तेही व्हॉल्व्ह गाइडचं, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह ज्यातून सरकतो त्या नळीचं. इलेक्ट्रिक गाडीत व्हॉल्व्हच नाही, म्हणजे गाइडही नाही! गिऱ्हाइकाचं शेड्यूल (मागणी) तीन तिमाह्या घसरतंय.

पंपाचे शाफ्ट करून पाहिले. काम जमलं, दर जमला नाही. दोन वैद्यकीय उपकरणवाल्यांना सॅम्पल दिले. माप पास, पण पहिला प्रश्न वैद्यकीय उपकरणांसाठीच्या गुणवत्ता सर्टिफिकेटचा: 'आयएसओ 13485 आहे का?' आमच्याकडे फक्त सर्वसाधारण आयएसओ 9001. एरोस्पेसवाले त्यांच्या क्षेत्राचं एएस 9100 मागतात.

बाबा म्हणतात, ऑर्डर हातात आल्याशिवाय सर्टिफिकेटवर पैसा घालायचा नाही. त्यांचंही चूक नाही म्हणा, मशीनचं कर्ज अजून 26 महिने आहे. त्यामुळे नवीन मशीन नको, माणसं कमी करायची नाहीत. सीएमएम (अचूक मोजमापाचं मशीन) नाही, मोजमाप बाहेरून करून घेतो.

ज्यांनी असा बदल प्रत्यक्ष केलाय त्यांना विचारतोय: 13485 आणि एएस 9100 पैकी आधी कशात पडावं, आणि सर्टिफिकेट हातात आल्यापासून पहिली नियमित ऑर्डर मिळेपर्यंत किती महिने गेले?