सायलेन्सर बदलून मारुती एस्टीमचे 85 घोडे (हॉर्सपॉवर) 110 होतात म्हणे!

टॅपेटवाला, पुणे
जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर काल आलेली पोस्ट: "एस्टीम व्हीएक्सआयला कोन एअर फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि इरिडियम स्पार्क प्लग टाकले. 85 चे आरामात 110 एचपी झाले." खाली अंगठ्यांची रांग. तिथे विरोधात लिहिलं की ॲडमिन काढून टाकतो, म्हणून इथे.

आरामात म्हणजे कसे? गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवली होती का? नाही, "पिकअप जाणवतो". अहो, तुम्हाला जाणवतो तो आवाज! होंडाने सिटीच्या 1.5 व्हीटेक इंजिनातून 106 काढले, तेही जवळपास दोनशे सीसी जास्त हाताशी घेऊन. आणि तुम्ही 1298 सीसीतून सायलेन्सर बदलून 110? मग जपानमधले इंजिनिअर काय गोट्या खेळत होते?

इरिडियम प्लग जास्त टिकतो, बस. जुना प्लग ठीक असेल तर ताकदीत काडीचा फरक नाही. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे होते ते घोडेही गेले. कंपनीचा काळा डबा दिसायला भिकार, पण बाहेरची गार हवा घेतो.

शिवाय 85 हा आकडा नव्या इंजिनाचा, फ्लायव्हीलवरचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या आधी मोजलेला. चाकापर्यंत येईतो दहा-पंधरा टक्के गळतात. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथे आणखी पाचेक टक्के. एस्टीम 2007 साली बंद झाली, त्यामुळे सगळ्यात तरुण गाडीचं इंजिनही आता घासलेलंच. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर व्हॉल्व्ह, गाइड सील, रिंगा बघा. इंजेक्टर, पंपाचं प्रेशर, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, घसरणारा क्लच, चिकटलेले ब्रेक बघा. गेलेले घोडे परत आणा, नवे नंतर मागा.

लेथवाला, कोल्हापूर
टॅपेटवाले साहेब, फिल्टरचं बरोबर हाय. पण फॅक्टरीच्या इंजिनात काय उरलंच न्हाई असं म्हणू नका. कंपनी लाखभर सिलिंडर हेड ओतती, पोर्टात, म्हंजे त्यातल्या हवा-धुराच्या वाटांत, ओतकामाचा खडबडीतपणा तसाच ऱ्हातोय. आम्ही पोर्ट साफ करतो, व्हॉल्व्ह सीट नीट कापतो, हेडला हलकं फेसिंग करून (तळ जरासा घासून) कॉम्प्रेशन वाढवतो, 4-2-1 हेडर (धुराच्या चार नळ्यांच्या दोन, मग एक करणारा पाइप) लावतो. माझी स्वतःची गाडी जोतिबाचा डोंगर तिसऱ्या गिअरात चढती. आधी दुसरा लागायचा.

टॅपेटवाला, पुणे
चढत असेल. किती वाढले ते सांगा.

लेथवाला, कोल्हापूर
मोजलं न्हाई. डोंगर मोजतोय न्हवं!

जी-सिक्स्टीन, ठाणे
एवढी खटपट कशाला? मारुतीच्याच जुन्या बलेनोचं 1.6 लिटरचं इंजिन बसवा. त्याच घराण्यातलं इंजिन, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 75.5 ऐवजी 90 मिलिमीटर, कंपनीचेच 94 घोडे आणि कमी फेऱ्यांवरचा जोर (टॉर्क) वेगळाच. एस्टीमचं वजन नऊशे किलोच्या आत. मित्राने केलंय, बसून बघा एकदा.

कलम_बावन्न
बसून बघतील, आणि अपघात झाला की विमा कंपनी पण बघेल. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये मूळ रचनेत फेरफार नको असं बजावलंय. मित्राच्या आरसीवर इंजिन नंबर कुठला आहे हो?

जी-सिक्स्टीन, ठाणे
तुमच्यासारख्यांमुळेच या देशात गाड्यांचा शौक म्हणजे गुन्हा झालाय.

जिप्सी_जुनी, नाशिक
घोडे वाढवायचं सोडा, पंपावर आहेत तेच कापतायत. ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून माझी कार्बोरेटरवाली जिप्सी सकाळी खोकते, ॲव्हरेज पडलं, रबरी नळ्या फुगल्या. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या रचनेच्या चारचाकीला सहा-सात टक्के फटका लिहिलाय. दर मात्र पेट्रोलचाच. हे सगळं साखर कारखानदारांचं भलं करायला!

ऊसकरी, वाळवा
आलात का शेवटी उसावर! कारखानदाराचं भलं दिसतं, बिलाची वाट बघणारा शेतकरी दिसत नाही. चौदा दिवसांत पैसे द्यायचे हा कायदा, आणि साखर गोदामात पडून. इथेनॉलचे पैसे लवकर येतात म्हणून आमची बिलं निघतात. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन घातलं, तेव्हा तुमच्यापैकी कोण बोललं होतं? तुमच्या हौशीच्या जिप्सीसाठी आम्ही ऊस पेटवून द्यायचा का?

जिप्सी_जुनी, नाशिक
हौस? त्याच जिप्सीतून द्राक्षाच्या पेट्या नेल्यात मी. शेतकरी तुम्ही एकटेच नाही. आणि ऊस पिणारं पाणी कुणाचं, ते मराठवाड्यात जाऊन विचारा.

ऊसकरी, वाळवा
द्राक्षं काय दव पिऊन वाढतात?

कलम_बावन्न
विषय इंजिनाचा आहे, मंडळी.

लेथवाला, कोल्हापूर
मग इंजिनाचंच बोलतो. इथेनॉल वाईट न्हाई, तुमचं ट्यूनिंग जुनं हाय. एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा लागती, इथेनॉलला 9. म्हणजे त्याच जेटमधून (कार्बोरेटरमधलं इंधनाचं छिद्र) ई-20 गेलं की मिश्रण पातळ, म्हणून खोकला. मेन जेट जरा मोठा घ्या, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाका. आणि इथेनॉलनं ऑक्टेन (इंधनाची ठोका न देता दाब सोसायची ताकद) वाढल्यावर इंजिनात ठोका कमी येतोय, म्हणून तर हेड फेसिंग करून कॉम्प्रेशन वाढवता येतंय. तोटा हाय, पण त्यातनं थोडं परत काढता येतंय.

जिप्सी_जुनी, नाशिक
म्हणजे सरकारने बिघडवायचं आणि आम्ही हेड उघडायचं. छान.

टॅपेटवाला, पुणे
लेथवाल्यांचं ऑक्टेनचं गणित बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. पण ठिणगीचं टायमिंग पुन्हा लावल्याशिवाय त्या ऑक्टेनचा उपयोग शून्य, आणि एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या) एस्टीमचा जुना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ते आपणहून करणार नाही. नीट हेड-काम आणि हेडर मिळून सहा-आठ घोडे निघाले तर मी नारळ फोडेन. पंचवीस नाही म्हणजे नाही. कोल्हापूरहून येताना डायनोची पावती घेऊन या.

लेथवाला, कोल्हापूर
पावती मागणारं गिऱ्हाईक आमच्यात दुसऱ्यांदा येत न्हाई. या तुम्ही गाडी घेऊन, डायनोचे पैसे तुमचे, तांबडा रस्सा माझा.

जी-सिक्स्टीन, ठाणे
1.6 घेऊन मी पण येऊ का?

कलम_बावन्न
आरसी घेऊन या.